चौकशी अधिकाऱ्यामार्फत

‘तुमचा पासवर्ड तुम्ही कुणाकुणाला सांगितला होता?’

हा माझा पहिला प्रश्न. तो विचारताना मी चष्मा काढून हातात घेतला होता, कारण चष्मा काढून विचारलेला प्रश्न जास्त खोल वाटतो असा माझा वकिलीतला अनुभव. त्या दिवशी मात्र चष्मा काढायचं खरं कारण वेगळं होतं. मास्कमुळे काचांवर वाफ धरत होती आणि समोरच्या बाई मला दिसतच नव्हत्या.

‘मुलांनाच, सर,’ वैजयंता गुरव म्हणाल्या. ‘वर्गाच्या ग्रुपवर टाकला होता. बाकी कुणाला नाही.’

‘नक्की?’

‘नक्की.’

मी कागदावर ‘नक्की’ असं लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली. रेघ कशासाठी ते मला आजही सांगता येणार नाही, पण ती ओढल्यावर दोन बाक पलीकडून हेडसर कुंभोजकरांनी मान हलवली आणि मला बरं वाटलं.

दोन हजार वीसचा जुलै होता. विट्यातल्या आमच्या शाळेचा सातवीचा वर्ग रिकामा होता, फळ्यावर मार्चमधली तारीख तशीच होती, आणि त्या वर्गात आम्ही तिघं एकमेकांपासून दोन-दोन बाक सोडून बसलो होतो. मी शाळेचा कायदेशीर सल्लागार, अ‍ॅडव्होकेट जनार्दन तोडकर, आणि कालपासून चौकशी अधिकारी. हेडसर मला सोबत म्हणून. गुरव बाई आरोपी म्हणून, पण तसं म्हणायचं नाही असं आमचं ठरलं होतं.

घडलं होतं ते असं. आदल्या दिवशी, बुधवारी सकाळी, बाई सातवीला फोनवरून विज्ञान शिकवत होत्या. त्यांच्या गावात रेंज फक्त गच्चीवर येते, म्हणून पाण्याच्या टाकीला फोन टेकवून त्या उभ्या होत्या. मध्येच कुणीतरी वर्गात शिरलं आणि मुलांनी बघू नये अशी एक फिल्म लावली. बाईंचा फोन त्याच वेळी अडकला. त्यांनी वर्ग बंद करेपर्यंत दीड मिनिट गेलं. दीड मिनिट थोडं वाटतं, पण त्या दिवसांत शाळा एकटं पोर बघत नव्हतं. बापाच्या फोनवर शाळा भरायची, मागे कुकरची शिट्टी व्हायची, आणि पोराच्या खांद्यावरून आई, काकू, चुलतभाऊ सगळे सातवीचं विज्ञान बघायचे. सोनं-चांदी गाळायच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यासाठी कोचीला असलेले एक पालक टाळेबंदीमुळे घरी आले होते. त्यांनी तर सगळ्या घराला बोलावून दाखवलं होतं की बघा, आमचा मुलगा कसा ऑनलाइन शिकतो.

दुपारपर्यंत संस्थेच्या अध्यक्षांच्या दारात पंचवीस पालक जमले. पोलिसांत तक्रार दिली, पण पोलीस नाक्यानाक्यावर पास तपासत उभे होते. मग चौकशी नेमायची ठरली आणि सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं. माझं.

मी सायबर कायद्याचा तज्ज्ञ कसा झालो हे सांगायला हवं, कारण ते मलाही नीट माहीत नाही. आमच्या कोर्टात भांडणं बांधाची, वाटपाची, पोटगीची. सायबर कायदा म्हटलं की बारमधले, म्हणजे कोर्टाच्या बाररूममधले, लोक चहा मागवायचे. मार्चनंतर चार महिन्यांत सगळं फिरलं. बँक फोनमध्ये गेली, शाळा फोनमध्ये गेली, कोर्टाच्या तारखा फोनमध्ये गेल्या, आणि मग चोरही तिकडेच गेले. कायदा मात्र दोन हजार सालचा, ऑफिसातला संगणक डोळ्यांसमोर ठेवून केलेला. गच्चीवर भरलेल्या वर्गात कुणी शिरलं तर ते कुणाच्या घरात शिरलं, हे तेव्हा भल्याभल्यांना सांगता येत नव्हतं. मला येत होतं, कारण मी वेबिनार करत होतो. एप्रिल ते जून या काळात मी सत्तावीस वेबिनारची सत्तावीस प्रमाणपत्रं मिळवली. प्रमाणपत्रासाठी शेवटी एक फॉर्म भरावा लागे. त्यात विषयाबद्दल काही विचारत नसत, फक्त नाव प्रमाणपत्रावर कसं छापायचं ते विचारत. त्यातलं एक मधमाशीपालनाचं होतं, पण ते मी खालच्या ओळीत लावलं होतं.

घटनेच्या आधीच्या रविवारी मी शाळेच्या सगळ्या मुलांना ‘सायबर सुरक्षा : घ्यावयाची काळजी’ या विषयावर ऑनलाइन व्याख्यान दिलं होतं. त्यामुळे नेमणुकीबद्दल कुणालाच शंका नव्हती, मला तर मुळीच नव्हती.

तर त्या गुरुवारी मी बाईंना तासभर प्रश्न विचारले. दीड मिनिट का लागलं, फोन कोणता, गच्चीवर कोण कोण येतं. बाई सगळ्याची शांतपणे उत्तरं देत होत्या. त्यांनी हजेरीची वही आणली होती. रोज वर्गात कोण किती वाजता आलं आणि किती वाजता गेलं हे त्यांनी हातानं लिहून ठेवलं होतं. बुधवारच्या पानावर चाळीस मुलांच्या खाली एक्केचाळिसावं नाव होतं, ‘सर’. कुणी सर आले असतील तपासायला, म्हणून त्यांनी त्याला आत घेतलं होतं.

मग त्यांनी मला विचारलं, ‘सर, वर्गातून पासवर्ड बाहेर गेला नसेल, तर दुसरीकडून कुठून जाऊ शकतो का?’

‘प्रश्न मी विचारायचे,’ मी म्हणालो.

‘हो, सर. शाळेत पाचवी ते दहावी एकच नंबर आणि एकच पासवर्ड आहे, म्हणून विचारलं.’

‘ते तसं का आहे याला कारणं आहेत,’ असं मी जरा चढ्या आवाजात सांगितलं. कारण एकच होतं. जूनमध्ये हेडसरांनी मला सल्ला विचारला होता आणि पालकांचा गोंधळ नको म्हणून सगळ्यांना एकच ठेवा, असं मी लेखी दिलं होतं.

उठता उठता मी आणखी एक हुकूम सोडला. या प्रकरणातला कोणताही कागद, कुणाचाही असो आणि कुणासाठीही असो, यापुढे चौकशी अधिकाऱ्यामार्फतच जाईल. हेडसरांनी तो लिहून घेतला. ‘मार्फत’ हा शब्द मला पहिल्यापासून आवडतो. आपल्यावाचून काही हलत नाही असा एक सुखद भास त्यात आहे.

संध्याकाळी अध्यक्षांचा, म्हणजे हिंदुरावनानांचा, फोन आला. नाना गेली वीस वर्षं संस्था चालवतात आणि त्यांना लांब बोलणं आवडत नाही. मी त्यांना अश्लील मजकुराच्या कलम सदुसष्टबद्दल सांगायला सुरुवात केली.

‘वकील, ते कलमबिलम राहू द्या,’ ते म्हणाले. ‘पालक माझ्या दारात येऊन बसल्यात. मला मंगळवारपर्यंत एक नाव द्या.’

मी म्हटलं, तो जो कोण घुसला होता तो सापडायला वेळ लागेल. नाना म्हणाले, त्याचं नाव कोण मागतंय, आपल्याकडून कोण चुकलं ते सांगा. मग त्यांनीच सांगून टाकलं. गुरव बाई शिक्षणसेविका होत्या. तीन वर्षं मानधनावर काढली की कायम होतात. त्यांची तीन वर्षं एकतीस जुलैला पुरी होणार होती. त्याआधी चौकशीत एक शेरा पडला की प्रश्न मिटला. बाईंचे वडील गावातल्या देवळाचे पुजारी, आणि देवळं मार्चपासून बंद. घर बाईंच्या मानधनावर चाललं होतं हे नानांना माहीत होतं, मलाही होतं. नाना दुष्ट नव्हते. त्यांना फक्त दार मोकळं करून हवं होतं.

शुक्रवारी दुपारी चहा झाल्यावर मी अहवाल लिहायला बसलो. सुरुवातीला चौकशी अधिकाऱ्याचा परिचय हवा, तिथे रविवारच्या व्याख्यानाला मिळालेल्या प्रतिसादाचा आकडा घालावा असं मनात आलं. म्हणून फेसबुक उघडलं. सोमवारी टाकलेला फोटो होता तिथेच. दोनशे बारा लोकांना आवडला होता. फोटो आमच्या कालिंदीनं, म्हणजे सौभाग्यवतींनी, काढलेला. मी लॅपटॉपसमोर बसलोय, उजव्या हाताचं बोट वर आहे, मागच्या भिंतीवर प्रमाणपत्रं. मधमाश्यांचं प्रमाणपत्र दिसतंय का, हे बघायला मी फोटो बोटांनी मोठा केला.

मधमाश्या दिसत नव्हत्या. चिठ्ठी दिसत होती.

मला जवळचं नीट दिसत नाही. म्हणून व्याख्यानाच्या दिवशी मी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे जाड मार्करनं शाळेचा मीटिंग नंबर आणि पासवर्ड लिहून तो कागद लॅपटॉपच्या कडेला चिकटवला होता. फोटो काढताना व्याख्यान ऑनलाइन होतं हे लोकांना कळावं म्हणून मीच लॅपटॉप कॅमेऱ्याकडे फिरवून घेतला होता. कालिंदीचा फोन नवा होता, कॅमेरा उत्तम होता. अक्षर दहावीच्या फळ्यावर असतं तसं स्वच्छ वाचता येत होतं.

खाली प्रतिक्रिया होत्या. मंगळवारची एक ‘रॉकी किंग’ नावाच्या कुणाची होती, चेहऱ्याच्या जागी सिंह. ‘थँक्यू सर. खूप उपयोगी माहिती दिलीत.’ त्याखाली माझं उत्तर होतं. ‘धन्यवाद. असाच लाभ घेत राहा.’ आणि पुढे जोडलेले हात.

त्यानं बुधवारी लाभ घेतला होता.

मला घाम फुटला. खरं सांगतो, पहिला विचार गुरव बाईंचा आला नाही. पहिला विचार बारमधल्या लोकांचा आला. आमच्याकडचे वकील एखाद्याची फजिती झाली की ती निवृत्तीपर्यंत पुरवतात. दुसरा विचार नानांचा आला. बाईंचा नंबर बऱ्याच वेळानं लागला, आणि तोवर मी फोटोच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवलेलं होतं. पुरावा नष्ट करणं हा गुन्हा आहे, हे मी रविवारी मुलांना बजावून सांगितलं होतं. त्यासाठी वेगळी स्लाइड होती, तांबड्या अक्षरांत. फोननं विचारलं, नक्की काढून टाकायचं का? मी नक्की म्हणून सांगितलं.

शनिवार-रविवार बसून मी अकरा पानांचा अहवाल लिहिला. त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचा इतिहास होता, महामारीनं कायद्यापुढे उभे केलेले प्रश्न होते, परदेशातली परिस्थितीही होती. आठव्या पानावर गुन्हेगार आला, ‘अज्ञात इसम’. दहाव्या पानावर एक वाक्य होतं, ‘संबंधित शिक्षिकेने अधिक दक्षता घेणे अपेक्षित होते.’ हे वाक्य मी फार विचार करून मऊ केलं होतं. दोष दिल्यासारखं नाही, पण नानांना हवं ते त्यात आहे. तेवढ्या एका वाक्यावर बाईंची नोकरी जाणार होती हे मला कळत नव्हतं, असं मी म्हणणार नाही.

मंगळवारी अकरा वाजता बाई माझ्या घरी आल्या. पुढच्या पडवीतच माझं ऑफिस आहे. त्या पायरीशी उभ्या राहिल्या, हातावर सॅनिटायझर घेतलं, आणि बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. डोळे सुजलेले दिसत होते. मास्कच्या वर तेवढंच दिसायचं त्या वर्षी.

मी अहवाल पूर्ण झाल्याचं सांगितलं. त्यांनी त्यात काय आहे हे विचारलं नाही.

‘सर, तुमचं रविवारचं व्याख्यान मी सगळं लिहून घेतलं होतं,’ त्या म्हणाल्या. ‘परवा पुन्हा बघावं म्हणून तुमच्या फेसबुकवर गेले. तर ती पोस्टच नाही तिथं.’

मी विचारलं, ‘कशाला हवी होती?’

‘काय चुकलं ते बघायला.’

पडवीत पंखा चालू होता तरी मला उकडायला लागलं. मी टेबलावरचे कागद सारखे केले, मग पुन्हा विस्कटले. बाईंनी पिशवीतून एक पाकीट काढलं. तपकिरी, गोंदानं चिकटवलेलं. वर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘प्रति, मा. अध्यक्ष’, आणि खाली डाव्या कोपऱ्यात, ‘चौकशी अधिकाऱ्यामार्फत’.

‘सगळं तुमच्यामार्फतच द्यायचं असं तुम्ही सांगितलं होतं, म्हणून आणलं,’ त्या म्हणाल्या.

‘काय आहे यात?’

‘नानांनी वाचलं की कळेल, सर. आता माझ्याकडं दुसरं काही उरलं नाही.’

आणि त्या नमस्कार करून निघून गेल्या.

मी त्या पाकिटाकडे बघत राहिलो. अध्यक्षांच्या नावाचं बंद पाकीट फोडायचा मला अधिकार नव्हता, आणि फोडायची गरजही नव्हती. आत काय आहे हे मला स्पष्ट दिसत होतं. पोस्ट काढून टाकण्याआधीच बाईंनी तिचा फोटो घेऊन ठेवला होता. चिठ्ठी, रॉकी किंग, माझे जोडलेले हात, सगळं तारीखवेळेसकट. गुरुवारी विचारलेल्या त्या प्रश्नाचा अर्थ आत्ता लागत होता. बाईंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि मी काय करतो हे त्या बघत होत्या. तीस वर्षं मी कोर्टात समोरच्या पक्षाच्या कागदाच्या कपट्यालाही हरकत घेत आलोय. त्या दिवशी न उघडलेलं पाकीट मी पुराव्यात दाखल करून घेतलं.

आता वाट एकच होती. नानांनी पाकीट फोडायच्या आत आपणच सांगून टाकायचं. पकडला गेलेला माणूस आणि कबूल करणारा माणूस यांच्यात फरक फक्त दहा मिनिटांचा असतो, आणि ती दहा मिनिटं अजून माझ्या हातात होती. मी अकरा पानं बाजूला सारली आणि एका पानावर हातानं लिहिलं. शाळेचा मीटिंग नंबर व पासवर्ड कायदेशीर सल्लागार जनार्दन तोडकर यांनी स्वतःच्या छायाचित्रातून सोमवारी जाहीर केला, शुक्रवारी ते लक्षात आल्यावर पोस्ट काढून टाकली, शिक्षिका वैजयंता गुरव यांचा यात कोणताही दोष नाही. खाली सही.

कालिंदीनं ते वाचलं. ती म्हणाली, ‘अकरा पानांपेक्षा हे बरं झालंय. समजतं तरी.’

नानांच्या बंगल्याकडे स्कूटरवरून जाताना एक विचित्र गोष्ट झाली. मला चक्क छान वाटायला लागलं. अर्ध्या वाटेपर्यंत मी स्वतःला निर्भीड समजायला लागलो होतो. तालुक्यात दुसरा असा कोण आहे, ज्यानं चौकशी अधिकारी असून स्वतःलाच दोषी धरलं? पाकीट शर्टाच्या खिशात होतं, त्याचा मला तेवढ्यापुरता विसर पडला.

नाना झोपाळ्यावर बसले होते, मास्क हनुवटीला. मी म्हटलं, आधी माझा अहवाल वाचा आणि मग हे पाकीट. त्यांनी पान वाचलं, उलटून मागे काही आहे का ते बघितलं, आणि पुन्हा वाचलं.

‘वकील, येडं झालाय का काय तुम्ही?’

मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, सत्य हे सत्यच आहे, नाना. हे वाक्य मी वाटेत तयार केलं होतं. नानांनी पाकीट फोडलं, आतला कागद वाचला, आणि ते हसायला लागले. झोपाळा हलायला लागला इतके हसले. मग त्यांनी तो कागद माझ्याकडे दिला.

तो बाईंचा राजीनामा होता.

चार ओळी होत्या. वैयक्तिक कारणास्तव मी स्वेच्छेने शिक्षणसेविका पदाचा राजीनामा देत आहे, तरी तो मंजूर व्हावा. पोस्ट नाही, फोटो नाही, रॉकी किंग नाही. मी कागद उलटून मागे बघितला. मागे काही नव्हतं.

नानांनीच खुलासा केला. शनिवारी त्यांनी हेडसरांकडून बाईंना निरोप धाडला होता. आपण होऊन जा, म्हणजे चौकशीचा शेरा पडणार नाही, दुसरीकडे कुठेतरी लागता येईल. मला सांगायचं राहून गेलं होतं. ‘बाई तर निघाल्यात की,’ ते म्हणाले. ‘तुम्ही कशाला मधी पडताय? हा तुमचा कागद खिशात घाला. राजीनामा मी ठेवून घेतो. पालक गप, तुम्ही गप, मी गप.’

त्यांनी माझं पान माझ्यासमोर धरलं. मला फक्त हात पुढे करायचा होता.

मी तो केला नाही. लोक याला माझं धाडस म्हणतात, म्हणून नीट सांगतो. स्कूटरवरच्या त्या पंधरा मिनिटांत मी इतका मोठा माणूस होऊन बसलो होतो की आता परत लहान होणं जिवावर आलं होतं. शिवाय बाईंचं अक्षर समोर होतं. ‘स्वेच्छेने’ हा शब्द त्यांनी आधी खोडला होता आणि मग पुन्हा लिहिला होता. मला फार लाज वाटली, आणि या खेपेला ती बारमधल्या लोकांची नव्हती.

‘अहवाल दाखल झालाय, नाना,’ मी म्हणालो. ‘राजीनामा माझ्यामार्फत आलाय. तो मी पुढं पाठवत नाही.’

राजीनामा मी खिशात घातला. सल्लागारकी जाईल असं त्यांनी सांगून बघितलं, मी जाऊ दे म्हटलं. मग ते झोपाळ्यावर मागे टेकले आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, ‘पालकांना नावच पायजे होतं. मास्तरणीपेक्षा वकिलाचं नाव बरं. लोकांना पटंल.’

तिथून मी तसाच बाईंच्या गावाला निघालो. सात-आठ किलोमीटर असेल. नाक्यावरच्या पोलिसानं कुठे विचारलं, मी कोर्टाचं काम आहे म्हणून सांगितलं. माझं मन आता पार हलकं झालं होतं. घडलं ते आठवून मला हसू यायला लागलं होतं, आणि बाईंना ते कसं रंगवून सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होतो.

उन्हं कलली होती. देवळाला कुलूप होतं आणि बाईंचे वडील बाहेर ओट्यावर रिकामे बसले होते. मला बघून ते घाईनं उठले, टोपी सारखी केली. वकील घरी आला म्हणजे काहीतरी वाईटच असणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. बाई आतून आल्या. मी अंगणातच उभं राहून त्यांना राजीनामा परत दिला, माझ्या अहवालाची नक्कल दिली, आणि त्यांची नोकरी शाबूत आहे, एकतीस तारखेला त्या कायम होतील, असं सांगितलं. वडिलांनी देवळाच्या बंद दाराकडे बघून हात जोडले.

बाईंनी पान वाचलं. दोनदा वाचलं. त्यांना ते पोस्टचं प्रकरण नवीनच होतं.

‘म्हणजे तुम्हाला हे माहीतच नव्हतं?’ मी विचारलं.

‘नाही, सर. मला कसं माहीत असणार?’

मग मी सगळं सांगितलं. चिठ्ठी, सिंह, जोडलेले हात, पाकीट बघून मला फुटलेला घाम, नानांचा झोपाळा. आवाज काढून, हातवारे करून सांगितलं. ‘आणि मला वाटलं, बाईंनी पुरावा आणलाय,’ असं म्हणून मी मोठ्यानं हसलो. वडीलही शिष्टाचार म्हणून थोडं हसले.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पानावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं.

‘हे तुमच्या शुक्रवारी लक्षात आलं, सर?’

‘हो. शुक्रवारी दुपारी.’

‘शनिवारी हेडसरांनी मला राजीनामा द्यायला सांगितलं. रविवारी मी अण्णांना सांगितलं, आणि ते दोन दिवस जेवले नाहीत.’ त्यांनी वडिलांकडे बघितलं. ‘आज मंगळवार आहे.’

बाईंनी कागदाची व्यवस्थित घडी घातली, ‘या, सर’ म्हणाल्या, आणि आत गेल्या. चहा झाला नाही. वडील मला स्कूटरपर्यंत सोडायला आले आणि दोनदा आभार मानून गेले, ते मला फार जड गेलं.

बाई कायम झाल्या. माझी सल्लागारकी गेली, पण व्याख्यानं दुपटीनं वाढली. स्वतःची चूक कबूल करणारा वकील म्हणून मला सांगली-कोल्हापूरपर्यंत बोलावतात. मी हा किस्सा प्रत्येक ठिकाणी सांगतो. नानांनी पाकीट फोडलं आणि आतून राजीनामा निघाला, इथे हमखास हशा होतो. तिथेच मी थांबतो, पाणी पितो, आणि पुढच्या स्लाइडकडे वळतो. शुक्रवार ते मंगळवार या चार दिवसांबद्दल मला आजवर कुणी विचारलेलं नाही, आणि मीही कधी आपण होऊन सांगितलेलं नाही.